पाक कोणी घालायचा

रुदिनाच्या लग्नात मेचानींच्या घरून जो बकलावा गेला, तो कोरडा गेला. म्हणजे पाकाशिवाय. एवढी थोरली परात, पापुद्र्यावर पापुद्रा, मधे ठासून अक्रोड, वरून लोणकढं तूप, आणि पाकाचा थेंब नाही. सासरच्या वडीलधाऱ्या माणसानं भर बैठकीत त्यात सुरी घातली, तेव्हा असा आवाज झाला की बाहेर बांधलेल्या गाढवानं कान टवकारले.

हे एकदा सांगून टाकलं. आता विसरून जायचं, कारण असं काही झालंच नाही. जिरोकास्तर शहरातल्या कोणत्याही मेचानीला विचारा. तो तुम्हाला बसायला खुर्ची देईल, कॉफी देईल, आणि हवापाण्याबद्दल बोलेल. लग्नाची कॅसेट आहे, ती बघा. तीत नवरीचे वडील हसताना दिसतात, मग एकाएकी बराच वेळ खिडकीबाहेरचा डोंगर दिसतो, आणि त्यानंतर सगळे नाचतच असतात. डोंगर चांगला आला आहे.

तर, जे झालं नाही त्याची सुरुवात बुधवारी झाली.

बुधवारी सकाळी नाजिये आत्यानं वरच्या मजल्याच्या खिडकीतून हाक मारली. "रुदिना! तुझ्या काकाला जाऊन सांग, त्याचा कोंबडा परत माझ्या पुदिन्यात शिरला तर सूप करीन. कोंबड्याचं की काकाचं, ते त्याचं त्यानं ठरवावं."

नोव्रुझ काका त्याच खिडकीच्या बरोबर खाली उभे राहून मर्सिडीज पुसत होते. गाडी त्यांनी ग्रीसमध्ये गवंडीकाम करून आणली होती आणि ती चालण्यापेक्षा पुसली जास्त जायची. आत्याचा शब्दन् शब्द त्यांच्या टकलावर पडला होता. तरी ते फडकं हातात धरून रुदिनाकडे बघत थांबले. निरोप रीतसर पोचल्याशिवाय ऐकू आला असं या घरात कोणी धरत नसे.

एरवी रुदिना म्हणाली असती, "काका, आत्या विचारते, कोंबडा जरा बांधून ठेवाल का?" काकांनी त्यावर दिलेलं उत्तर घोड्याच्या पागेतसुद्धा शोभलं नसतं. ते तिनं जिना चढता चढता गाळून घेतलं असतं आणि वर जाऊन "बघतो म्हणाले" एवढंच पोचवलं असतं. आजी गेली, घराची वाटणी झाली, तेव्हापासून ती हेच करत आली होती. वाटणी फार न्यायानं झाली होती, हीच पंचाईत. अंगणातलं अक्रोडाचं झाड तिच्या बाबांच्या, म्हणजे सब्रींच्या, हिश्शात आलं. फांद्या काकांच्या हिश्शावर गेल्या. अक्रोड पडायचे ते आत्याच्या फरशीवर. पहिल्याच हंगामात तिघं भावंडं अशी भांडली, की त्यानंतर एकमेकांशी शब्द नाही.

आजीच्या बकलाव्याच्या सामानाचंही तसंच. परात बाबांनी घेतली, निखारे वर रचायचं लोखंडी झाकण काकांनी, आणि काठीसारखं लांब, बारीक लाटणं आत्यानं. तिघांतल्या कोणाला त्या वस्तूची गरज होती असं नाही. पुरा संच दुसऱ्याकडे जाऊ नये, एवढीच इच्छा होती, आणि ती तिघांचीही पुरी झाली. त्यानंतर मेचानींच्या घरात बकलावा झाला नाही.

रविवारी रुदिना पेट्रितशी लग्न होऊन दरीपलीकडे लिबोहोवाला जायची होती. आणि मंगळवारच्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिच्या डोक्यात असा विचार आला की तिची झोपच उडाली. रविवारनंतर हे तिघं एकमेकांशी बोलणार कोणाच्या तोंडून? ती गेली की तोंडच गेलं. यांच्यातलं एखादं मेलं तरी बाकीच्या दोघांना कळवणार कोण?

म्हणून बुधवारी सकाळी ती अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "मी आजपासून निरोप नेणार नाही."

"काय म्हणाली ती?" आत्यानं खिडकीतून विचारलं. कोणाला विचारलं, ते कळलं नाही, कारण तिथं दुसरं कोणी विचारण्यासारखं नव्हतं.

"निरोप बंद. कोंबड्याचं काय ते तुमचं तुम्ही बघा. आणि दुसरं. रविवारी माझ्याबरोबर बकलावा जायला हवा."

रुदिनाची आई, सानिये, पीठ लागलेल्या हातानं दारात आली. "अगं, जातोय की. बाजारातल्या मिठाईवाल्याला सांगून ठेवलंय."

"दुकानातला नको. दुकानातला बकलावा घेऊन मी या घराची पायरी उतरणार नाही. आजीच्या परातीतला, आजीच्या लाटण्यानं लाटलेला, आजीच्या झाकणाखाली भाजलेला. नाहीतर वरात आली की पेट्रितला सांगा, तसाच परत जा."

खरं तर रुदिनाला दुकानातला बकलावा मनापासून आवडायचा. पण तिघांशिवाय होऊच शकत नाही अशी या घरात एकच वस्तू उरली होती, हे तिला रात्रीच सुचलं होतं.

"पोरीचं डोकं फिरलं," बाबा आतून म्हणाले.

"फिरायचंच," काका गाडीच्या बॉनेटला म्हणाले. "बाप कोण आहे."

बाबांना ऐकू गेलं. पण निरोप आला नव्हता, त्यामुळे त्यांना रागावता येईना. ते नुसतेच लाल झाले आणि परात घासायला घेऊन बसले.

*

शनिवारी सकाळी अक्रोडाच्या झाडाखाली तिघंही आले. आत्या लाटणं शालीत गुंडाळून, खांद्यावर बंदुकीसारखं टाकून उतरली. काकांनी झाकण आणलं ते डोक्यावर उपडं घालून, कारण हातात दोन पोती कोळसा होता. बाबांनी परात इतकी घासली होती की तिच्यात बघून आत्यानं डोक्यावरचा रुमाल नीट केला.

निरोप न्यायला कोणी नव्हतं. रुदिना पायरीवर अक्रोड फोडत बसली होती आणि तिनं ओठ घट्ट मिटले होते. मग तिघांनी वस्तूंशी बोलायला सुरुवात केली.

"काय रे पिठा," आत्या परातीतल्या कणकेला म्हणाली, "तुला कोणी चाळलं की नाही? का तसंच रस्त्यावरून उचलून आणलं?"

"ऐक हं परातीबाई," सानिये म्हणाली, "तुला सांगते, दोनदा चाळलंय. ज्यांना दिसत नाही त्यांनी चष्मा लावावा."

"कोळशा," बाबा खाली वाकून म्हणाले, "तू ओला आहेस. तुला आणणारा माणूस चार वर्षं ग्रीसमध्ये राहिला, तरी त्याला कोळसा ओळखता येत नाही."

काकांना उत्तर द्यायला जवळ वस्तू सापडेना. त्यांनी कोंबडा पकडला. "दादाला म्हणावं," ते कोंबड्याला म्हणाले, "फुंकर मार. तोंडात वारा भरपूर आहे." कोंबडा हातातून सुटून आत्याच्या पुदिन्यात गेला. निरोप नेण्याच्या कामाचं ओझं त्यालाही पेललं नाही.

पण आत्याचा हात पिठावर पडला आणि अंगण गप्प झालं. ती एकावर एक पाऱ्या ठेवायची, मधे मक्याचं सत्त्व भुरभुरायची, आणि सगळी चवड त्या काठीवर गुंडाळून पुढंमागं करायची. उलगडली की प्रत्येक पारी अशी निघायची, की तिच्या आड सानिये उभी राहिली तरी तिच्या नाकावरचा तीळ दिसावा. सानियेनं पाऱ्या परातीत अंथरल्या, तुपाचा हात फिरवला, अक्रोड पेरले. बाबांनी सुरीनं शंकरपाळ्यासारखे काप पाडले. ते आजीसारखे सरळ आले नाहीत, पण हे कोणी परातीलासुद्धा सांगितलं नाही. मग परात निखाऱ्यांवर चढली, वर झाकण आलं, झाकणावर निखारे आले. काका चिमटा घेऊन भोवती फिरू लागले.

मग आत्या ओरडली, "नोव्रुझ! डावीकडे! डावीकडे निखारे कमी पडलेत, जळेल ना मेल्या उजवीकडनं!"

काकांनी चटकन निखारे डावीकडे ओढले. "बस का, ताई?"

"अजून थोडे."

सगळे एकदम थबकले. आत्यानं हात तोंडावर नेला. बाबा झाडाकडे बघायला लागले, जणू झाडच बोललं. काकांनी चिमटा दोनदा उलटासुलटा करून पाहिला. पायरीवर रुदिनाच्या हातातला अक्रोड तसाच राहिला. तिला भीती वाटली, तिनं श्वास घेतला तर हे मोडेल.

"म्हणजे," आत्या सावरून म्हणाली, "मी झाकणाला सांगत होते."

"मीही झाकणालाच विचारत होतो," काका म्हणाले.

झाकणाचं नाव ताई नव्हतं. पण कोणी तो मुद्दा काढला नाही. आणि एकदा वाट फुटली ती फुटलीच. अर्ध्या तासात तिघं एकमेकांना थेट शिव्या देत होती. काकांनी बाबांना कंजूष म्हटलं, बाबांनी काकांना ग्रीक म्हटलं, आत्यानं दोघांनाही आजीच्या नावानं रडवलं. रुदिना पायरीवर बसून ऐकत होती आणि तिला एवढं बरं वाटत होतं, की तिनं फोडलेल्या अक्रोडांतले निम्मे स्वतःच खाल्ले.

बकलावा सोन्यासारखा उतरला. आणि तिथून खरं संकट सुरू झालं.

"गरम आहे तोवर गार पाक घालायचा," आत्या म्हणाली. "चर्र झालं पाहिजे. आई असाच घालायची."

"वन्सं, सासूबाईंच्या हाताखाली मी वीस वर्षं काढली," सानिये म्हणाली. "बकलावा गार होऊ द्यायचा, आणि पाक उकळता. नाहीतर वरचे पापुद्रे चिखल होतात."

"तू वीस वर्षं होतीस. मी तिच्या पोटात होते!"

"पोटातून काय बकलावा दिसत होता?"

"दोन्ही कोमट," काका मधेच म्हणाले. "मला आठवतंय. आई दोन्ही कोमट करायची."

या मुद्द्यावर दोघी बायकांची तात्काळ युती झाली. "तू गप रे," आत्या म्हणाली. "भावजी, तुम्ही गाडी पुसा," सानिये म्हणाली. पण काका गेले आणि युती मोडली. पाकाचं पातेलं लिंबाच्या सालीसकट ओट्यावर तसंच राहिलं. आत्यानं लाटणं शालीत गुंडाळलं. "जिला घालायचाय तिनं घाला," ती म्हणाली. "माझं नाव सांगू नका." सानियेनं स्वयंपाकघराचं दार असं आपटलं की झाडावरून एक कच्चा अक्रोड पडला. तो नियमाप्रमाणे आत्याच्या फरशीवर पडला.

*

संध्याकाळी रुदिना वरच्या खोलीत केसांना गुंडाळ्या लावून बसली होती. मान हलवायची बंदी होती. मनात आलं, झालं, परत तेच. उद्या मी जाणार, आणि हे पुन्हा कोळशाशी बोलत बसणार.

पहिली आई आली. गादीच्या कडेवर टेकली.

"वन्संनाच घालू दे पाक," ती हळूच म्हणाली. "त्यांच्या आईची परात. त्यांचं लाटणं. आज त्या पाऱ्या बघितल्यास? मी जाऊन पडते. सांग त्यांना, सानिये म्हणते तुमच्या पद्धतीनं घाला."

रुदिना लगेच उठायला निघाली. पण शब्द म्हणजे शब्द. "मी निरोप नेत नाही, आई."

"नको नेऊस. मी नाही घातला म्हटल्यावर कळेलच त्यांना."

मग आत्या आली. ती कधी कोणाच्या खोलीत जायची नाही, माणसं तिच्याकडे जायची. दारातच उभी राहिली.

"माश्या बसायला लागल्या म्हणून कापड टाकून आले परातीवर," ती म्हणाली. "ऐक. तुझ्या आईला घालू दे. लेक तिची जातेय. तिचा हात लागायला हवा शेवटचा. गरम घालू दे, उकळता घालू दे, चुलीसकट ओतू दे. मी काही बोलणार नाही. सांग तिला."

"मी निरोप नेत नाही, आत्या."

"मोठी आली." आत्यानं तिच्या गालावर एक टिचकी मारली. "नको सांगूस. मी खाली गेले नाही की समजेल ती."

शेवटी काका आले. "बायकांच्या पाकात पुरुषांनी पडू नये," ते म्हणाले. "कोमट तर कोमट, नाहीतर नाही. मी माघार घेतली. आणि पडला वाटतं पाक, परातीवर कापड आहे. मी चार टोकांची गाठ मारून टाकली, उद्या गडबड नको."

मेचानींच्या घरात पाक पडला की मगच कापड पडायचं, आणि गाठ बसली की ती सासरीच सुटायची. आधी उघडलं तर दृष्ट लागते. हे आजीनं सगळ्यांना इतकं पक्कं शिकवलं होतं, की सकाळी आईनं गाठ बघितली आणि मनात म्हणाली, वन्संनी घातला. आत्यानं गाठ बघितली आणि मनात म्हणाली, सानियेनं घातला. पातेल्यावर झाकण होतं. उरलासुरला असेल म्हणून ते कोणी उचललं नाही.

तिघांची कबुली एकाच माणसाजवळ होती. रुदिनानं नुसती बेरीज केली असती तरी चाललं असतं. पण काका गेल्यावर ती रडायला लागली होती. तिन्ही अडेलतट्टू एकाच संध्याकाळी हरली होती, तीही एकमेकांसाठी. अशा वेळी माणूस बेरीज करत नाही. ती रडत राहिली आणि दोन गुंडाळ्या सुटल्या.

*

रविवारी वरात आली, वाजतगाजत. नवरीच्या माणसांनी त्या दिवशी तिच्याबरोबर जायचं नाही असा रिवाज. पण आत्या परात कोणाच्या हातात देईना.

"मी नवरीबरोबर जात नाहीये," ती म्हणाली. "मी परातीबरोबर जातेय." मग परातीच्या मालकाला, म्हणजे बाबांना, जाणं भाग पडलं. आणि गाडी काकांची. सानिये तेवढी दारात उभी राहिली आणि तिनं, वाट सुखाची व्हावी म्हणून, नवरीच्या मागं तांब्याभर पाणी ओतलं. त्या घरातून त्या दोन दिवसांत ओतलं गेलेलं पातळ असं तेवढंच.

लिबोहोवाच्या वळणांवर मर्सिडीज अशी डुलत होती, की बाबांनी डोळे मिटून घेतले. आत्या मागच्या सीटवर परात मांडीवर घेऊन बसली होती. रुदिनाला हे सगळं नंतर काकांकडून कळलं.

"बघितलंस सब्री," आत्या म्हणाली, "एवढी वळणं, पण एक थेंब सांडला नाही. सानियेचा हात आहे हो. मी म्हणते ते म्हणते, पण हात आहे."

"तुझ्या पाऱ्या, ताई," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "सगळा पाक पिऊन बसल्यात."

पेट्रितच्या घरी बैठकीत माणसं दाटीवाटीनं बसली होती. मधोमध पेट्रितचे आजोबा, डालिप. ते सगळा जन्म सहकारी शेतीच्या पुरवठा कचेरीत होते. सहकारी शेती केव्हाच बुडाली, पण आजोबा अजून तिच्याच भाषेत बोलायचे. नातसून वाकून हाताला ओठ लावायला आली, तेव्हा ते म्हणाले, "आगमनाची नोंद घेण्यात आली." पेट्रित तिच्या कानात कुजबुजला, "खूश आहेत."

परात आली. आत्यानं स्वतः गाठ सोडली, आणि कापड दूर केलं. बकलावा दिसायला इतका देखणा होता, की बायकांनी "अहाहा" केलं. कॅमेरावाला जवळ सरकला. आत्या मात्र थोडी पुढं वाकली. वर चमक नव्हती.

आजोबांनी सुरी घातली.

कर्र्र. मघाशी म्हटलं ते गाढव तेव्हाच दचकलं. एक पापुद्रा उडाला, हवेत तरंगला आणि आजोबांच्या मिशीवर जाऊन बसला. त्यांनी तुकडा तोंडात टाकला. बैठकीत नुसतं त्यांचं चावणं ऐकू येत होतं. वाळक्या पानांवरून कोणी चालत जावं तसं.

त्याच सुमाराला जिरोकास्तरमध्ये सानियेनं पातेल्याचं झाकण उचललं आणि जमिनीवर बसली.

रुदिनाला सगळी बेरीज एकदम आली. आई नाही. आत्या नाही. काका नाही. तिनं आत्याकडे पाहिलं. आत्या बाबांकडे बघत होती, बाबा काकांकडे, काका आत्याकडे. ती नजर तिला ओळखीची होती. वाटणीच्या दिवशी झाडाखाली तिघांनी एकमेकांकडे अगदी असंच पाहिलं होतं. आता कोणीतरी तोंड उघडणार, "तू घालणार होतीस ना!", आणि या वेळी मधे निरोप गाळायला कोणी नसणार. सगळ्या लिबोहोवासमोर.

"व्याही," पेट्रितची आई रेमझिये अगदी सभ्यपणे म्हणाली, "पाक... पाक फार हलका आहे, नाही?"

काकांनी तोंड उघडलं. रुदिनानं डोळे मिटले.

"आमच्याकडे असंच असतं," काका म्हणाले.

"असंच," बाबा म्हणाले. "पहिल्यापासून."

"लेक आमची," आत्या म्हणाली. तिचा आवाज किंचितही हलला नाही. "पाऱ्या आमच्या, अक्रोड आमचे. पाक सासरच्यांनी घालायचा असतो. गोड कसं करायचं ते आता तुम्ही बघा. का? तुमच्याकडे नाही ही पद्धत?"

लिबोहोवाच्या एवढ्या जुन्या घरात अमुक एक पद्धत नाही, असं कोण कबूल करणार? "आहे की!" रेमझिये म्हणाली. "म्हणजे काय! मी विचारणारच होते." तिनं सुनांना डोळ्यांनी खूण केली. दोघी साखर मोजायला धावल्या. कॅमेरावाल्याच्या खांद्यावर काकांनी हात ठेवला आणि त्याला खिडकीकडे वळवलं. "डोंगर घे," ते म्हणाले. "आमच्याकडून असा दिसत नाही."

"पाक गार घालायचा की गरम?" आतून एक सून ओरडली.

"गार!" आत्या म्हणाली.

"गरम! सानिये इथं नाही म्हणून तिच्या वतीनं सांगतो, गरम," बाबा म्हणाले.

"कोमट," काका म्हणाले.

"कोमट म्हणे! तुझं डोकं कोमट!"

"ताई, तू मला पाव्हण्यांसमोर—"

"पाव्हण्यांसमोर काय, देवासमोर सांगीन! आणि सब्री, तू कधीपासून गरमवाला झालास? परवापर्यंत माझ्या बाजूनं होतास!"

"तुझ्या बाजूनं? मी तुझ्याशी चार वर्षं बोललो नाही, तुझ्या बाजूनं कधी झालो?"

"तेच म्हणतेय! गप्प होतास म्हणजे माझ्या बाजूनं होतास!"

रुदिनानं डोळे उघडले. तिघंही एकमेकांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन भांडत होती. कोळशाशी नाही, परातीशी नाही, आणि तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं. काकांनी तर भांडता भांडता आत्याच्या रुमालावरचा पापुद्रा काढून टाकला, आणि तिनंही काढू दिला. नवरीनं खाली बघून लाजायचं असतं म्हणून तिनं खाली बघितलं. लाजण्यासाठी नव्हे, हसू कोणाला दिसू नये म्हणून.

"निरोप नेऊ का कोणाचा?" ती ओढणीआडून हळूच म्हणाली.

"तू गप गं," तिघंही एका सुरात म्हणाली.

एवढ्यात सून पाकाचं पातेलं घेऊन बाहेर आली. आणि आजोबांनी दोन्ही हात पसरून परात कवटाळली.

"थांबा," ते म्हणाले.

या सगळ्या गोंधळात ते एकटे खात बसले होते. अर्धी परात रिकामी झाली होती. डॉक्टरांनी त्यांची साखर बंद केल्याला बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून दर नव्या वर्षाला घरात बकलावा यायचा, आणि त्यांना तो दुरून दाखवून आत नेला जायचा. आता मिशीभर पापुद्रे होते, डोळ्यांत पाणी होतं. पेट्रितनं हाताला धरलं, पण ते स्वतःच उठले. त्यांनी कोटाची बटणं लावली, टोपी सारखी केली, जुन्या सभेत उभे राहायचे तसे उभे राहिले. मेचानींची तिन्ही भावंडं भांडायची थांबली. सुनेच्या हातातलं पातेलं वाफाळत होतं, आणि सगळ्यांच्या नजरा त्या पातेल्यावर होत्या. खोलीतल्या प्रत्येक माणसाला पाक हवा होता. तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी, पण हवा होता. आणि मेचानींच्या तोंडांवरून स्पष्ट दिसत होतं, की असा बकलावा आपल्या हातून पुन्हा होणार नाही. पण पाक घातलेला केला, तर कळेल, की पहिला चुकूनच कोरडा झाला होता.

आजोबांनी घसा साफ केला.

"उपस्थित दोन्ही कुटुंबांच्या निदर्शनास आणून देण्यात येते," ते म्हणाले, "की आज पुरवठा झालेला माल सर्व दृष्टींनी समाधानकारक आहे. तरी मेचानी कुटुंबास नम्र विनंती करण्यात येते, की त्यांनी आपली ही परंपरागत पद्धत कोणताही बदल न करता, दरवर्षी, लेखी मागणीची वाट न पाहता, पूर्ववत चालू ठेवावी. आणि ते पातेलं, योग्य त्या अधिकाऱ्याच्या आदेशापर्यंत, परत चुलीवर नेण्यात यावं."